देवाचा डोंगर, बिरोबाचा कौल

एंगारे सेरो, टांझानिया
२२ जुलै २००७

चि. ऋतुजा,

तुझ्या दोन पत्रांना हे एकच उत्तर. रागावू नकोस. इथून अरुशाला डिझेल आणायला गाडी जाते तेव्हाच पत्र टपालात पडतं, आणि फोनची रेंज म्हणशील तर डोंगर चढून गेलं तरी सापडत नाही. हे आईला वाचून दाखव. आप्पा जवळपास असतील तर जरा मोठ्यानेच वाच. ते ऐकत नाहीत असं दाखवतात, पण त्यांचे कान कसे आहेत ते तुलाही ठाऊक आहे.

काम ठीक चाललंय. बोअरची गाडी मी आणि वडवणीचा तानाजी चालवतो, हाताखाली इथलीच चार माणसं आहेत. मसाई लोकांच्या वस्तीसाठी पाणी काढायचंय. इथे एक मोठा तलाव आहे, पण त्याचं पाणी सोड्याचं, तोंडात धरवत नाही. बायका पार ओढ्यापर्यंत चालत जातात. मला आपली आई आठवते.

हे लोक आपल्यासारखेच मेंढरं राखणारे. लाल चादर पांघरतात, हातात काठी, आणि काठीला रेलून एका पायावर उभे राहिले की पाठमोरा माणूस थेट आपल्या आप्पांसारखा दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हाक मारायला तोंडही उघडलं होतं. कोयाकी नावाचे एक म्हातारे आहेत, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. मला जी मोडकीतोडकी स्वाहिली येते तिच्यावर आमचं भागतं.

वस्तीसमोर एकच डोंगर आहे, खालून वरपर्यंत निमुळता. त्याचं नावच 'देवाचा डोंगर'. यांचा देव, एनगाई, वर राहतो म्हणतात. गेल्या आठवड्यात इथे जमीन जरा हलली. भांडी वाजली, एवढंच. काळजीचं काही नाही.

आप्पा कसे आहेत ते खरं खरं लिही.

तुझा दादा,
हरिओम

*

शिरूर कासार
१४ ऑगस्ट २००७

दादा,

'भांडी वाजली, एवढंच' म्हणे! आमच्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं की तिकडच्या भूकंपाची बातमी पेपरात होती, आणि तो डोंगर ज्वालामुखी आहे. तू मला अजून चौथीतली समजतोस का? बारावीला आहे मी. आईला मी ज्वालामुखीचं सांगितलं नाही, पण तू मला खरं लिहीत जा. नाहीतर मीही इथलं खरं लिहिणार नाही.

पत्र पोस्टमनकडून आप्पांनीच घेतलं होतं. दिवसभर पागोट्यात खोचून हिंडले आणि संध्याकाळी माझ्यापुढे टाकलं. मी वाचत होते तेव्हा कोकराला औषध पाजत बसले होते. औषध कधीच संपलं होतं, तरी बाटली त्याच्या तोंडातच. काठीला रेलून उभं राहण्याचं वाचलं तेव्हा मान वर झाली. मग भिंतीकडे बघून विचारलं, "त्येंच्या मेंढरांना लोकर असती का?" मला नाही, तुला नाही, भिंतीला! तेवढं कळव. भिंत वाट बघतेय.

आता खरं. आप्पांनी तू गेल्यापासून कुणालाच कौल लावून दिलेला नाही. आपल्या घरात चार पिढ्या हेच चाललंय. बिरोबाच्या पुढे मेंढी उभी करायची, तिच्या पाठीवर पाणी सोडायचं, तिने अंग झाडलं तर देव हो म्हणाला, नाही झाडलं तर नाही. सगळं गाव आप्पांकडे येतं, आणि आप्पा आता हात जोडून परत पाठवतात. परवा छबुबाई आली होती. तिच्या लेकीला, संस्कृतीला, बीडला मामाकडे ठेवून कम्प्युटर शिकायला पाठवायचंय, नवरा अडून बसलाय, म्हणाली देवाला विचारून द्या. आप्पा म्हणाले, "माझ्यानं हुनार न्हाई, बाई." आणि सरळ वाड्यावर मेंढरांकडे निघून गेले.

लोक काय बोलतात ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. मेंढीने अंग झाडलं नाही तरी बंकटचा पोरगा देवाचा कौल मोडून परदेशी गेला, म्हणून देवाने बंकटला सोडलं, असं म्हणतात. मलाही तसंच वाटायला लागलंय. आप्पा देवापुढे बसतात, पण तोंड खाली घालून बसतात. मला फार वाईट वाटतं रे.

ऋतुजा

*

एंगारे सेरो
९ सप्टेंबर २००७

चि. ऋतुजा,

तुला खरं हवं होतं ना, मग घे. डोंगर फुटला.

मंगळवारी आधी एक आवाज झाला, आणि मग वरून राखेचा खांब निघाला, सरळ आभाळात. आज पाच दिवस झाले, राख पडतेच आहे. झाडं, गुरं, आमची गाडी, तानाजीच्या मिशा, सगळं करडं. मशीनचे फिल्टर तुंबलेत आणि काम बंद आहे. राखेचं गवत खाऊन मेंढरं आजारी पडतायत. लांबच्या एका वस्तीत काही मेलीही. बरीच माणसं जनावरं घेऊन दूर निघून गेली.

पण मला भीती राखेची नाही. भूकंपाच्या आधी इथे बोअर कुणी सुरू केली? आम्ही. डोंगराच्या पायथ्याला जमिनीत भोक कुणी पाडलं? आम्ही. वस्तीतले म्हातारे रोज झाडाखाली बसतात आणि हेच बोलतात. यांच्यात डोंगर उगाच पेटत नाही. कोयाकींनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या वेळी तो पेटला तेव्हा गोरे लोक याच मुलखात एकमेकांवर गोळ्या झाडत होते. ते स्वतः जन्मले त्या वर्षी पुन्हा पेटला, तेव्हाही जगात लढाई होती. मग ते तिशीच्या आतबाहेर असताना पेटला, पार माणसाच्या घोट्यापर्यंत राख. त्या साली त्यांची निम्मी गुरं गेली. यांचा देव एकच, पण काळा असतो तेव्हा पाऊस देतो आणि लाल होतो तेव्हा रागावतो. आता लाल आहे म्हणतात. कुणावर लाल आहे ते कुणी तोंडाने म्हणत नाही, पण परवापासून आमच्याकडे दूध यायचं बंद झालंय. काही तरुण पोरं गाडीभोवती हिंडून गेली. येत्या महिन्यात म्हातारे ठरवणार आहेत, आम्ही राहायचं की जायचं. आम्ही गेलो तर पुन्हा इथे बोअर पाडायला कुणी येणार नाही, आणि या बायकांचं पाणी कायमचं गेलं.

आणि ऋतुजा, रात्री मला वाटतं, यांचं बरोबर असेल. वैशाखातली ती दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. बिरोबापुढे आपली काळी मेंढी, आप्पांनी तिच्या पाठीवर पाणी सोडलं, आणि ती दगडासारखी उभी राहिली. आप्पा म्हणाले, "देव न्हाई म्हनतोय." आणि मी म्हणालो, "देवाला काय कळतंय आफ्रिकेतलं?" सगळ्यांच्या देखत म्हणालो. आता बघ, देवाच्याच डोंगराखाली आणून बसवलंय मला. एका देवाचं मोडलं, दुसऱ्याने पकडलं.

आईला यातलं काही सांगू नको. आप्पांना मात्र सांग, आणि म्हणावं, चुकलो असेन तर काय करू ते सांगा. भिंतीला सांगितलं तरी चालेल.

यांच्या मेंढरांना लोकर नसते. आखूड तांबडे केस, आणि शेपटी अशी लठ्ठ की चालताना तीच पुढे जाईल असं वाटतं.

हरिओम

*

शिरूर कासार
१ ऑक्टोबर २००७

दादा,

पत्र वाचून मी आधी एकटीने रडून घेतलं. मग आप्पांना वाड्यावर गाठलं, तिथेच बसून वाचून दाखवलं. आईला सांगू नको म्हणालास, पण आई माझ्या मागेच उभी होती, त्याला मी काय करू? ती लगेच नारायणगडाला नवस बोलून मोकळी झाली. तू सुखरूप आलास की तुला पायी चालायचंय. आपल्या नावाने नवस दुसरंच कुणीतरी बोलतं आणि पाय आपले दुखतात, ही आपल्या घरची रीत आहे.

 आप्पा आधी म्हणाले, "लोकर न्हाई तर ती मेंढरं कसली, बकऱ्याच की." मला एवढा राग आला! इथे तुझा जीव टांगणीला आणि यांना लोकर! पण मग बघितलं तर तुझं पत्र त्यांनी घडी करून पुन्हा पागोट्यात खोचलं होतं.

मग बोलले. दादा, पाच महिन्यांत पहिल्यांदा तुझं नाव घेऊन बोलले. जसं म्हणाले तसं लिहितेय:

"हरीला लिव. भिऊ नगं म्हनावं. त्येंचाबी देव मेंढरं राखनाऱ्याचाच देव हाय, त्येला मेंढरू कळतंय. त्या म्हाताऱ्यांना सांग, आमच्यात असं असं करत्यात. त्येंच्यातलंच एक चांगलं मेंढरू घे, त्येंच्याच देवाचं नाव घे, डोंगराकडं तोंड करून हुबं कर. समद्यांच्या देखत इचार, ह्ये भोक पाडू का नको. अंग झाडलं तर कुनाचं काई म्हननं ऱ्हानार न्हाई. आन् न्हाई झाडलं, तर गुमान गाडी काढून घरी ये."

मग "आन् पानी..." एवढं म्हणाले आणि थांबले. मी विचारलं, "पाण्याचं काय?" तर म्हणाले, "काई न्हाई. कळंल त्येचं त्येला." आणि अंधार पडला होता तरी उठून मेंढरांत गेले.

मला वाटतं पाण्यात भंडारा टाकायचं सांगणार असतील. तुझ्याकडे हळद असेल तर टाक चिमूटभर. तिकडच्या देवाला चालते का ते मात्र आधी विचारून घे.

जप रे.

ऋतुजा

*

एंगारे सेरो
२८ ऑक्टोबर २००७

चि. ऋतुजा,

मी सुखरूप आहे. हे आधी आईला सांग, मग पुढचं वाच.

आप्पांचा निरोप पोचला आणि दुसऱ्याच दिवशी मी कोयाकींपुढे जाऊन बसलो. अर्धं बोलून, अर्धं हातवारे करून सांगितलं. मला वाटलं हसतील. पण त्यांनी एकच विचारलं, "तुझा बाप मेंढ्या राखतो?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग बघू त्याचं."

दुपारी सगळी वस्ती झाडाखाली जमली. डोंगर धुमसत होताच. कोयाकींनी स्वतःचा एडका आणला, तांबडा, धिप्पाड. मी तो डोंगराकडे तोंड करून उभा केला, एनगाईचं नाव घेतलं, मनात बिरोबाचंही घेतलं. गाडीवर पिंप असतं आमचं, त्यातलं पाणी मगाने घेऊन त्याच्या पाठीवर सोडलं. मानेपासून शेपटीपर्यंत.

एडका हललाच नाही.

पुन्हा सोडलं. त्याने डोळे मिटून घेतले आणि उभा राहिला. ऋतुजा, अगदी आपल्या काळ्या मेंढीसारखा. बायकांची कुजबुज थांबली. ती तरुण पोरं उठून उभी राहिली. तानाजी माझ्या कानाशी म्हणाला, "चल बे, हत्यारं भरू, इथं आता काय खरं न्हाई."  मला एवढंच वाटलं की आता दोन्हीकडच्या देवांनी माझ्यावर दार लावलं.

तेवढ्यात कोयाकी काठी टेकत आले आणि मगात बोटं बुडवली. मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं आप्पा पाहायचे मी लहानपणी कोकरू उलटं धरलं की. म्हणाले, "हे तर आंघोळीचं पाणी आहे." पिंप सकाळपासून उन्हात तापत होतं. पाणी चांगलं कोमट होतं. "माझा एडका राखेने खाजून खाजून मेलाय. तू त्याला छान शेक दिलास. तो कशाला अंग झाडतोय? त्याला बरं वाटलं." आणि सगळे असे हसले, बायका तर एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. इतक्या दिवसांत या वस्तीत कुणी हसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे एक बाई ओढ्याचं पाणी घेऊन आली, कड्यावरून पडतं ते, बोट बधिर करणारं. मी सोडलं, आणि एडक्याने असं अंग झाडलं की पुढे बसलेले सगळे म्हातारे भिजले!

नंतर मी कोयाकींना विचारलं, "मग हा देवाचा होकार, का गार पाण्याचा?" म्हणाले, "पाणी गार कुणी केलं?" आणि मला दूध दिलं. डोंगराचंही सांगितलं. घोट्यापर्यंत राख पडली त्या साली गुरं गेली खरी, पण पुढच्या पावसात असं गवत आलं की वासरं त्यात दिसेनाशी झाली. तेव्हा पहिल्या वर्षी लोक म्हणाले देव रागावला, दुसऱ्या वर्षी म्हणाले देवाने दिलं. डोंगर तोच होता. बायका आता रोज संध्याकाळी त्याच्या पायथ्याशी गात जातात, लेकरांसाठी, गुरांसाठी. परवा माझ्यासाठीही गायल्या. माझं नाव त्यांना 'अरियो' असं म्हणता येतं.

बोअर पुन्हा सुरू झाली आणि बुधवारी पाणी लागलं. गोडं आहे. म्हाताऱ्यांनी आधी मेंढरांना पाजून पाहिलं, मग आम्हाला विचारलं तुम्ही पिणार का!

एक विचारायचं होतं. त्या वैशाखातल्या दिवशी देवापुढचा लोटा कधीपासून भरून ठेवलेला होता? आप्पा कौल नेहमी पहाटे लावतात ना, आडातून पाणी शेंदल्याबरोबर? त्या दिवशीच दुपार कशी झाली? रात्रंदिवस तेच डोक्यात आहे. तसं असेल तर मला राग नाही, खरंच नाही. उलट इतक्या दिवसांची छातीवरची धोंड उतरली.

हा शेवटचा भाग मोठ्याने वाचू नकोस.

हरिओम

*

शिरूर कासार
२० नोव्हेंबर २००७

शहाण्या दादा,

'मोठ्याने वाचू नकोस' हे वाक्य आधी लिहायचं असतं! मी आपली धडाधडा वाचत गेले. आई ओट्यावर, आप्पा शेजारी, एडका भिजवतो तिथे तर आप्पा मोठ्याने हसले, मांडीवर थाप मारली, म्हणाले, "म्हातारा खरा धनगर हाय!" आणि त्याच भरात मी पुढचं वाचलं. 'लोटा' हा शब्द वाचला आणि मग माझी जीभ अडखळली. तर आप्पाच म्हणाले, "कावून थांबलीस? वाच." मग वाचलं, राग नाही म्हणालास तिथपर्यंत.

आप्पा उठले आणि चपला न घालता वाड्याकडे गेले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मलाच ठाऊक आहे रे, आणि माझ्या डोक्यात इतके महिने उजेड पडला नाही. लोटा मीच भरला होता, दिवस उगवायच्या आत. आप्पा म्हणाले होते, भरून ठेव त्या काळ्या दगडावर. मी विचारलं, आता लावायचा ना कौल? म्हणाले, "दम हाय. ऊन होऊ दे." वैशाखातलं ऊन, पितळेचा लोटा आणि काळा दगड. मला वाटलं पाहुण्यांची वाट बघतायत. गाव म्हणत होतं देवाने आप्पांना सोडलं, आणि मीही तेच म्हणत होते. आप्पांचं तोंड खाली का होतं ते आता कळलं.

मी आईला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लेकरू लांब जानार म्हनल्यावर बापानं काय करावं? हात धरून ठिवता येत न्हाई, म्हून त्येनं पानी तापवलं." आणि तांदूळ निवडत राहिली.

आप्पा रात्री जेवायला आले नाहीत. सकाळी जाग आली तर आडावर पोहरा वाजत होता. बाहेर आले, तर बिरोबापुढे आप्पा, आपली काळी मेंढी, आणि समोर छबुबाई. तिला पहाटे उठवून आणलं होतं! तिची संस्कृती डोळे चोळत उभी. आप्पांनी देवाचं नाव घेतलं, संस्कृतीला बीडला शिकायला पाठवायचं का ते विचारलं, आणि पाणी सोडलं. दादा, काळीने असं अंग झाडलं की छबुबाईचा पदर भिजला. ती तिथेच रडायला लागली. आप्पा संस्कृतीला म्हणाले, "जा पोरी. बापाला म्हनावं, देव हो म्हनतोय."

आज दुपारी माझ्यापुढे येऊन बसले. भिंतीकडे नाही, माझ्याकडे तोंड करून. म्हणाले, लिव:

"हरी, तुझं पत्र पोचलं. माघात आपली जत्रा हाय, तवा ये. तुझी आय वाट बघती. मीबी बघतो. त्या म्हाताऱ्याला माझा रामराम सांग, आन् आपल्यातली एक घोंगडी त्येच्यासाठी धाडतो म्हनावं, लोकर कशी असती ते तरी बघंल. तू आल्यावर परत तिकडं जायचं का न्हाई, त्ये बिरोबाला इचारू. पहाटंला इचारू. पानी मी सवता आडातनं शेंदून आनीन, गार."

एवढं सांगून झालं तरी उठले नाहीत. म्हणाले, "कुठं लिवलंस गार? दाव."

मी दाखवलं. त्यांना वाचता येत नाही, पण त्या शब्दावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ बसले.

ऋतुजा